पाहुणे येईपर्यंतचे गाणे

आपल्या साहित्य संमेलनांत गाण्याला एक ठरलेली जागा आहे. उद्घाटक अजून वाटेत असतात, अध्यक्ष चहा घेत असतात, मंडपात माणसे जमत असतात. अशा वेळी संयोजक माईकवर येऊन सांगतो की पाहुणे येईपर्यंत अमुक शाहीर आपल्यासमोर दोन गीते सादर करतील. शाहीर गातो. माणसे खुर्च्या ओढतात, एकमेकांना जयभीम घालतात, पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतात. दुसरे गाणे रंगात आले की पाहुण्यांची गाडी येते आणि शाहिराला खूण केली जाते. त्याने कडवे अर्धे सोडावे अशी अपेक्षा असते, आणि तो ते सोडतोही. मग परिसंवाद सुरू होतो. विषय असतो 'आंबेडकरी जलशांचे योगदान'.

गेली पस्तीस वर्षे मी अशा मंडपांत कधी श्रोता म्हणून, कधी वक्ता म्हणून बसत आलो आहे. कडवे अर्धे सोडायला लावणाऱ्यांत मीही होतो. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते दुसऱ्यांवर ठेवलेला आरोप म्हणून वाचू नये.

दलित साहित्याच्या समीक्षेने काय केले नाही? प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला तिने नकार दिला. आत्मकथनाला वाङ्मयप्रकार म्हणून मान मिळवून दिला. कवितेतल्या शिवीचेही समर्थन केले आणि ते योग्यच होते. पण गाण्यापाशी आल्यावर ही समीक्षा बहिरी झाली. आपण गाण्याचे शब्द कागदावर उतरवून घेतले, त्यांतला आशय तपासला, बाबासाहेबांचे नाव किती वेळा आले ते पाहिले, बांधिलकीचे प्रमाणपत्र दिले आणि वही मिटली. चाल कोणाची, ढोलकी कोणाची, गाणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो आणि तो तिथेच का तुटतो, हे आपण कधी विचारलेच नाही. ज्या समाजाचे प्रबोधन छापील पुस्तकाच्या आधी गाण्याने केले, त्या समाजाच्या समीक्षकाला गाणे ऐकता येऊ नये, ही गोष्ट मला आता फार लागते.

ती कधीपासून लागू लागली ते सांगतो.

६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्यांना शिवाजी पार्कच्या बाजूचे ते स्टॉल ठाऊक आहेत. एका बाजूला पुस्तके आणि दिनदर्शिका, दुसऱ्या बाजूला गाणी. पूर्वी कॅसेटी असत, मग सीडी आल्या, नंतर पेन ड्राइव्ह आणि मोबाइलमध्ये घालायची मेमरी कार्डे. प्रत्येक स्टॉलवर वेगळे गाणे मोठ्याने लावलेले असते आणि मधून चालताना पाच-सहा गाणी एकमेकांवर आपटतात. मी तिथे दर वर्षी पुस्तकांसाठी जात असे आणि गाण्यांच्या गोंगाटातून डोके खाली घालून निघत असे. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्टॉलवर एका बाईचा आवाज ऐकला आणि मी थांबलो. खरे तर तो थांबवण्यासारखा गोड आवाज नव्हता. सोबत वाद्य एकच, एकतारी. स्टॉलवाल्या पोराने सांगितले, "कडूबाई आहेत, औरंगाबादच्या. ऐका, मग पैसे द्या."

औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. तिथल्या कडूबाई खरात वडिलांकडून एकतारी शिकल्या, नवऱ्याच्या मृत्यूनंतर गाण्यावर संसार ओढला आणि कुणीतरी मोबाइलवर टिपलेल्या त्यांच्या गाण्याने त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. कोणत्याही कंपनीने त्यांना शोधून काढले नाही. त्या दिवशी मात्र मी पैसे दिले नाहीत. दोन मिनिटे ऐकले आणि मनाशी निकाल लावला की ही भक्ती आहे, विभूतिपूजा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी दिलेला इशारा मला तोंडपाठ होता. तो मी त्या बाईच्या एकतारीवर आपटला आणि पुढे गेलो.

आज वाटते की मी त्या गाण्यात फक्त शब्द ऐकले होते. एकतारीला सूर एकच. गाणाऱ्याला लपायला जागा नाही. पेटी असली की ती चुकलेला सूर झाकते, ढोलकी असली की ती दमलेला श्वास झाकते. एकतारी काहीच झाकत नाही. कडूबाई ओळ वरून सुरू करतात आणि जात्यावरच्या ओवीसारखी खाली आणून ठेवतात. जणू डोक्यावरचे ओझे उतरवावे. त्या गाण्यांतले बाबासाहेब चौकातल्या पुतळ्यासारखे उंचावर नाहीत. ते घरच्या हिशेबात आहेत. भाकर कुठून आली, अंगावरचे लुगडे कुठून आले, लेकराच्या हातात पाटी कुठून आली, असा तो हिशेब चालतो. देवाकडे माणूस मागतो. इथे मागणे नाही, घेतल्याची कबुली आहे. ती कबुली त्या आवाजात आणि त्या उतरत्या चालीत आहे. शब्द छापून वाचले तर निम्मे निघून जाते. मी नेमके तेवढेच निम्मे वाचत होतो.

हल्ली 'स्वतंत्र कलावंत' असा एक शब्द चलनात आहे. मोठ्या कंपनीच्या किंवा चित्रपटाच्या आधाराशिवाय स्वतःचे गाणे स्वतः बांधून स्वतःच लोकांपुढे ठेवणारा, तो स्वतंत्र कलावंत. महानगरातल्या गिटारवाल्या पोरांसाठी तो वापरला जातो आणि फार नवे काही घडते आहे असा त्याचा आविर्भाव असतो. ही व्याख्या खरी धरली तर वामनदादा कर्डक कोण होते? १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेला हा माणूस मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकला आणि २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गाणी पेरीत हिंडला. त्यांची गाणी हजारोंनी मोजली जातात. त्यांच्यामागे कोणती कंपनी होती? त्यांच्या आधी भीमराव कर्डकांच्या जलशामागे कोण होते? गाण्यांच्या छोट्या चोपड्या जत्रेत, सभेत, रेल्वेच्या डब्यात विकल्या जात. कागद हलका, छपाई पुसट, पण मधे दलाल नाही. आमच्याकडे स्वातंत्र्य हौसेने निवडलेले नव्हते. दारे बंद होती म्हणून ते वाट्याला आले, हा फरक मात्र विसरू नये.

कॅसेट आली तेव्हा त्या दाराला फट पडली. १९८० नंतर ध्वनिमुद्रण स्वस्त झाले आणि लहान लहान कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली उत्तर भारतातल्या कॅसेटच्या व्यवहारावर एक पुस्तकच लिहिले. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे आणि पुढे आनंद व मिलिंद शिंदे यांचा आवाज वस्तीतल्या प्रत्येक टेपवर गेला. त्या काळात आम्ही शिकलेले लोक या कॅसेटींना नाक मुरडत होतो. आमचा मुख्य आक्षेप असा, की या गाण्यांच्या चाली हिंदी चित्रपटांतून उचललेल्या असतात. उसनी चाल म्हणजे उसनी अस्मिता, असे मी स्वतः एका चर्चेत म्हटले होते आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

ते वाक्य किती उथळ होते हे मला अमेरिकेतल्या एका गोष्टीने कळले. ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना १९६६ ची. त्याच्यावरून आपल्या पोरांनी १९७२ साली दलित पँथर हे नाव घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण १९७० साली ब्लॅक पँथरच्या साध्या कार्यकर्त्यांनी 'द लंपेन' नावाचे गाणाऱ्यांचे एक पथक काढले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला नव्हते. ही पोरे पक्षाची कामे करून उरलेल्या वेळात गात आणि त्या काळी गाजलेल्या गाण्यांच्या चालींवर आपले क्रांतीचे शब्द बसवीत. म्हणजे ओकलंडमध्येही तेच चालले होते जे आमच्या भायखळ्यात, नागपुरात, नांदेडात चालले होते. लोकांच्या कानात आधीच बसलेली चाल फुकट मिळते. तिला परवानगी लागत नाही, वाद्यवृंद लागत नाही, आणि श्रोता पहिल्या ओळीपासून सोबत गाऊ लागतो. गरिबाची ती युक्ती आहे. प्रश्न फक्त एवढाच, की नवे शब्द त्या चालीशी भांडतात की तिच्या मांडीवर बसतात. प्रेमाच्या लाडिक चालीत गावकुसाबाहेरचा प्रसंग आला की चालच ओशाळते, आणि असे गाणे मी उत्तम मानतो. आजच्या मिरवणुकीतल्या डीजेवर जी गाणी वाजतात त्यांत हे भांडण क्वचित ऐकू येते. तिथे सगळे शब्द त्या दणदणाटाच्या मांडीवर बसलेले असतात. तिथे माझा आक्षेप अजून कायम आहे, पण तो उसन्या चालीवर नाही.

इथे एक कोडे आहे. काळ्यांचे साहित्य आपल्याकडे आले ते पुस्तकांतून. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात चर्चा झडल्या, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी काळ्यांच्या साहित्याची मराठी वाचकाला ओळख करून दिली. बाल्डविन, राइट ही नावे आपल्या तोंडी बसली. त्यांच्या तबकड्या मात्र आल्या नाहीत. लेरॉय जोन्सची कविता आपण उद्धृत केली, परंतु त्यानेच १९६३ साली 'ब्लूज पीपल' लिहून संगीताचा इतिहास म्हणजेच त्या लोकांचा इतिहास अशी मांडणी केली, तिच्याकडे आपण पाहिले नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका इमारतीत एका पोराने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्या फिरवल्या आणि त्यातून पुढे हिप हॉप जन्मले असे सांगतात. आपली पँथर तेव्हा जेमतेम वर्षाची होती. दोन्हीकडे वस्त्या पेटलेल्या, दोन्हीकडे पोरे बेकार. पण ते गाणे आपल्या वस्तीत यायला आणखी चाळीस वर्षे लागली, आणि आले तेव्हा आपण म्हणालो, हे आपले नाही.

मीही तसे म्हणालो होतो. एम. ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी एकदा स्टाफरूममध्ये मोबाइल घेऊन आली. "सर, हे ऐकाल का?" गाणे तमिळ होते. मी म्हटले, अगं, मला एक शब्द कळत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच ऐका."

तिला काय म्हणायचे होते ते तेव्हा उमगले नाही. गाणे 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या चेन्नईच्या पथकाचे होते. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने ते २०१७ साली उभे राहिले, आणि जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. नाव घेतले आहे ते पंडित अयोथी दास यांच्या विचारातून. बाबासाहेबांच्या कितीतरी आधी बौद्ध धम्माकडे वळलेल्या या तमिळ विचारवंताने आपल्या लोकांना 'जात नसलेले तमिळ' म्हटले होते. पथकात उत्तर चेन्नईच्या झोपडवस्त्यांतले 'गाना' गाणारे आहेत, रॅप करणारे आहेत, गिटारवाले आहेत. 'गाना' हा वस्तीतला गायनप्रकार मयताच्या रात्री बसून गाण्याच्या रिवाजाशी जोडलेला. मला शब्द कळत नव्हते, त्यामुळे आशय तपासायची सोय उरली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी केवळ ऐकत बसलो. विजेवर चालणारी गिटार एका बाजूला आणि तिच्यावर कुरघोडी करणारे एक चामड्याचे वाद्य दुसऱ्या बाजूला. ते वाद्य मला ओळखीचे वाटले. मी विचारले, ही हलगी आहे का? ती म्हणाली, "पराई आहे सर. पण हलगीच म्हणा."

पराई वाजवणाऱ्यांची एक जात आहे. त्या वाद्यावरूनच परैयर हे नाव पडले असे मानतात आणि इंग्रजीत बहिष्कृतासाठी जो शब्द रूढ झाला तो याच नावातून. सवर्णांच्या मयतीपुढे पराई वाजवणे हे या लोकांवर लादलेले काम. म्हणून तिथल्या चळवळीत आधी पराई टाकून देण्याचा निश्चय झाला. कितीतरी गावांत पोरांनी मयतीला वाजवायला नकार दिला आणि त्यासाठी मारही खाल्ला. आणि मग १९९० च्या आगेमागे तिथल्या दलित कलावंतांनी तीच पराई परत हातात घेतली, पण मयतीपुढे वाजवण्यासाठी नव्हे, सभेत आणि मंचावर वाजवण्यासाठी. दिंडिगुलच्या 'शक्ती' या पथकात तर बायका पराई वाजवू लागल्या. टाकणे आणि परत घेणे या दोन्ही कृती स्वाभिमानाच्याच होत्या. पहिली झाली नसती तर दुसरीला अर्थ उरला नसता.

आता आपल्याकडे पाहू. १९२७ नंतर आणि विशेषतः १९५६ नंतर आपण गावकीची कामे टाकली, मेलेले ढोर ओढणे टाकले, आणि त्यासोबत आपल्याला लाज आणणारे बरेच काही टाकले. ते टाकणे आवश्यकच होते, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तमाशाबद्दलचा बाबासाहेबांचा कठोरपणाही मला समजतो. ज्या मंचावर आपल्याच बायकांची विटंबना होते तो मंच कलेच्या नावाने कशाला वाचवायचा? पण हलगीचे काय झाले? हलगी मातंगांच्या हाती राहिली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांच्या १९४४ च्या लाल बावटा कलापथकाने लोककलेला राजकीय मंच दिला, त्याचे आपण गोडवे गातो. परंतु आजही गावातली हलगी देवाच्या पालखीपुढे, लग्नाच्या वरातीपुढे, पुढाऱ्याच्या स्वागताला वाजते. वाजवणारा उन्हात उभा असतो आणि त्याला जेवण वेगळे वाढले जाते. आपण बौद्धांनी ते आपले काम नाही म्हणून तिकडे पाहिले नाही, आणि साहित्याच्या मंडपात तर ती पोहोचलीच नाही. आपल्या समीक्षेत हलगीवर लिहिलेला एक चांगला लेख मला आठवत नाही. दलित या शब्दात आपण सर्वांना घेतले होते ना? मग वाद्याला का नाही घेतले? हा प्रश्न मला एका तमिळ गाण्याने विचारला, तोही शब्द न कळता. माझ्या मते त्या पथकाचे सर्वांत मोठे यश हेच आहे. त्यांची काही गाणी घोषणेच्या फार जवळ जातात. पण पराई गिटारच्या मागे उभी राहत नाही, हे तिथे प्रत्येक वेळी कानाला कळते.

त्याच पथकातून अरिवु हा कवी-गायक पुढे आला. २०१९ चा त्याचा 'तेरुक्कुरल' हा संग्रह त्या विद्यार्थिनीनेच मला दिला. मार्च २०२१ मध्ये धी या गायिकेसोबतचे त्याचे 'एन्जॉय एन्जामी' आले आणि ते कोट्यवधी वेळा ऐकले गेले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून परत आलेल्या, जमीन कसूनही भूमिहीनच राहिलेल्या पूर्वजांची, आपल्या आजीची स्मृती त्याने त्यात घातली आहे. इतका दुःखाचा विषय आणि गाणे मात्र नाचरे. मयतीचा हंबरडा त्यात मधेच येतो आणि लगेच ताल त्याला उचलून नेतो. पुढे एका संगीतविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याचा उल्लेख आला, पण अरिवु नव्हता. त्यावर ओरड झाल्यानंतर त्यालाही मुखपृष्ठ मिळाले. २०२२ मध्ये बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनाला हे गाणे झाले तेव्हाही तो मंचावर नव्हता. गाणे नेमके कोणाचे, यावर त्याने आणि इतरांनी आपापली जाहीर निवेदने दिली. त्या वादाचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. पण गाणे जगभर जावे आणि नाव मागे राहावे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आपल्या पूर्वजांनी त्यावर एक उपाय काढला होता. चोखामेळ्याच्या अभंगात शेवटी चोख्याचे नाव येते. वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात वामन येतो. याला नाममुद्रा म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकात ती एक अलंकारिक रीत म्हणून शिकवली जाते. मला ती रीत वाटत नाही. ज्याच्याकडे छापखाना नाही, करारनामा नाही, कोर्टात जायला पैसे नाहीत, त्याने आपली मालकी गाण्याच्या आत पुरून ठेवली. गाणे कोणीही गावो, यमक मोडल्याशिवाय नाव काढता येणार नाही. आणि आजच्या रॅपवाल्या पोराचे ऐका. तोही गाण्याच्या आत स्वतःचे नाव घेतो, आपल्या वस्तीचे नाव घेतो. आपण त्याला शेखी म्हणतो. ही शेखी असेल तर ती चोख्याचीही होती.

जात्यावरच्या बायकांना मात्र ही सोय नव्हती. ओवीत भावाचे नाव येते, बाबासाहेबांचे येते, गाणारणीचे सहसा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी अनेक वर्षे खपून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या भीमरायावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेने हे धन लोकांना ऐकायला खुले केले. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. मला हे काम कोणत्याही समीक्षाग्रंथापेक्षा मोठे वाटते. कडूबाईंची चाल कुठून आली याचे उत्तर मला तिथे सापडले.

आणखी कितीतरी आहेत. जालंधरच्या गिन्नी माहीने पंजाबी पॉपच्या ठरीव साच्यातच रविदासांची आणि बाबासाहेबांची गाणी गायली. वाद्यमेळात मला नवे काही दिसत नाही, पण शिवी म्हणून वापरले जाणारे जातीचे नाव ती ज्या खणखणीत आवाजात स्वतःहून उच्चारते तो आवाज नवा आहे. ओडिशातल्या कोरापुटचा सुमीत सामोस रॅपमधून थेट वैचारिक भांडण करतो. पुष्कळदा ती पुस्तिका होते, गाणे राहत नाही, हे त्याच्याविषयी आदर बाळगून म्हणतो. मुंबईच्या 'स्वदेशी' या पथकाने आरे जंगलातल्या प्रकाश भोईर या आदिवासी कार्यकर्त्याला सोबत घेऊन वारल्यांच्या उठावावर गाणे केले. त्यात भोईर गाऊ लागतात तेव्हा रॅप बाजूला सरून त्यांना जागा देते, आणि ही अदब मला आपल्या संमेलनांत दिसत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली तेव्हा ते गाणे मी पुन्हा लावले होते. या पथकातला गुजरातीत रॅप करणारा पोरगा, ज्याला सारे तोडफोड म्हणत, २०२२ साली चोविसाव्या वर्षी गेला.

ही सगळी नावे मला माणसांनी सांगितली, मोबाइलने नाही. मोबाइलमध्ये एकदा भीमगीत लावले की तो पुढे भीमगीतेच देतो. तमिळ ऐकले की तमिळच. जे ऐकले त्याच्यासारखेच पुन्हा वाढायचे, हा त्याचा धर्म. कडूबाईंवरून तो मला परै वाजवणाऱ्यांकडे कधीच घेऊन गेला नसता, ओवीकडे तर नाहीच. त्याच्या लेखी भाषा वेगळी, वाद्ये वेगळी, खाते वेगळे. प्रत्येक गाण्याची आळी ठरलेली आणि आळीबाहेर जायची वाट नाही. ही व्यवस्था आपल्याला ओळखीची वाटायला हरकत नाही. आणि खरे सांगायचे तर आपणही ऐकण्यात तेच केले. शाहिरी आपली, कव्वाली सवाल-जबाबापुरती आपली, रॅप पोरांचे, हलगी त्यांची, ओवी आयांची.

गेल्या ६ डिसेंबरला त्या विद्यार्थिनीसोबत पुन्हा त्या स्टॉलवर गेलो. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. पोरगा तोच होता, अंगाने भरला होता. त्याच्याकडून एक मेमरी कार्ड घेतले, या वेळी आधी पैसे देऊन. घरी येऊन पाहिले तर त्यात चारशेवर गाणी, आणि बहुतेकांना नावच नाही. नुसते आकडे, कुठे गायकाचे अर्धे नाव, कुठे गाव. आम्ही दोघांनी एक वही केली आहे. गाणे ऐकायचे, गाणारा, कवी, चाल बांधणारा, वाजवणारे, यांतले जे कळेल ते लिहायचे, कळले नाही तर स्टॉलवाल्याला, ओळखीच्या शाहिरांना फोन करायचा. आतापर्यंत एकसष्ट गाण्यांचे कवी सापडले आहेत. एकशे चौदा नंबरच्या गाण्यात कडव्याच्या मधे कोणीतरी हलगी वाजवली आहे, जेमतेम वीस सेकंद, पण त्या वीस सेकंदांत गाणाराही गप्प होऊन ऐकतो असे वाटते. गायक सापडला आहे, बीडकडचा आहे. त्याला विचारले तर म्हणाला, त्या दिवशी स्टुडिओबाहेर वरात चालली होती, त्यातल्या एकाला आत बोलावले होते. नाव त्याला आठवत नाही. चुलतभावाला विचारून सांगतो म्हणाला आहे.